मंदी, घरखर्च आणि उधारी

मंदी आली की घरोघरी खर्चाला कात्री लागते व लहान दुकानांचा धंदा बसतो, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खोटे नाही. पण ते सर्व धंद्यांना सारखेच लागू पडते असे मानणे मात्र चूक होय.

उत्पन्न घटले म्हणजे घरातील सर्व खर्च एकाच प्रमाणात घटत नाहीत. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून असे दाखविले की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नखर्चाचा वाटा मोठा. भारतात २०२२-२३ च्या घरगुती उपभोग-खर्चाच्या पाहणीत हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, तर शहरी भागात सुमारे ३९ टक्के आढळला. नवे कापड, भांडीकुंडी, घराची रंगसफेदी ही पुढे ढकलता येतात. जेवण ढकलता येत नाही. म्हणून शिंप्याच्या व भांडेवाल्याच्या दुकानी गिऱ्हाईकच फिरकत नाही. वाण्याच्या दुकानी ते येते, मालही नेते. पैसे मात्र देत नाही. तेथे विक्री टिकते आणि वसुली थांबते. या दोहोंत वाण्याची अवस्था पुष्कळदा अधिक नाजूक असते. कारण भांडेवाल्याचा माल निदान फळीवर शिल्लक असतो, वाण्याजवळ उरते ती केवळ वहीतील नोंद, आणि घाऊक व्यापाऱ्याचा तगादा तर चालूच असतो.

मराठी भाषेने हे व्यवहार शब्दांनीच वेगळे केले आहेत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर ती ‘उसनी’. ती साखरेनेच फेडावयाची, व्याजाचा प्रश्न नाही. दुकानातून आणलेली ती ‘उधार’. हा शब्द संस्कृत ‘उद्धार’ या शब्दापासून आला. सावकाराचे वा बँकेचे ते ‘कर्ज’, आणि तो शब्द अरबी. अडचणीतील कुटुंब बहुधा याच क्रमाने एकेक पायरी उतरत जाते.

उधारीची ही साखळी मुंबईच्या गिरणगावात फार स्पष्ट दिसून आली. संप म्हणजे मंदी नव्हे, हे खरे. पण पगार बंद झालेल्या घराला त्या भेदाचे सुख ते काय? कोकणातून व घाटावरून आलेले पुष्कळ गिरणी-कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकटे राहत आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत. १९७४ साली गिरण्यांचा संप झाला, तेव्हा या बायांनी कामगारांची ताटे बंद केली नाहीत. कामगारांची बाकी खाणावळवालीकडे साचली, तिची वाण्याकडे. आणि वाण्याकडची बाकी व्याजासह वाढत गेली. म्हणजे ज्या घरांचे उत्पन्न बुडाले त्यांना जगविण्याचे भांडवल पुरविले ते सर्वांत कमी भांडवल असलेल्या व्यावसायिकाने, तेही स्वतः कर्ज काढून. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या भांडवलाची दखल क्वचितच घेतली जाते.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते याच अनुभवातून. त्यामुळे सावकारी व्याजाचा फास सैल झाला. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला, तो काही आठवड्यांत मिटणारा नव्हता. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. उधारी चालते ती पुढच्या पगाराच्या भरवशावर. तो पगार केवळ लांबला असेल, तर दुकानदार तग धरतो. या वेळी अनेकांची नोकरीच गेली आणि कित्येक कामगार कायमचे गावी परतले. बँकेमुळे व्याज उतरले होते. गावी निघून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावरील बाकी त्यामुळे वसूल होणार नव्हती.