वाळूचा हंगाम आणि सुरयाची अंडी

पौष लागला की पांढरकवड्याच्या पंचक्रोशीत पहाट बोचरी होते. बाजाराच्या वाटेने कापसाच्या गाड्या निघण्यापूर्वीच जो कोणी खुनी नदीच्या काठाने चालू लागेल, त्याला धुक्यातून आधी आवाज ऐकू येतात आणि पक्षी मागाहून दिसतात. ओल्या वाळूवर शेपटी वरखाली हलवीत धावणारा पांढरा धोबी हा उत्तरेकडून आलेला पाहुणा. दगडांच्या कडेने अंग झुलवीत जाणारा तुतवारही तसाच परदेशी. प्रवाहावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबून एकाएकी पाण्यात सूर मारणारा काळापांढरा कवड्या खंड्या मात्र इथलाच. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ‘कवडा’ म्हणजे होल्याच्या जातीचा पक्षी आणि ‘कवडी’ म्हणजे जुन्या व्यवहारातले सर्वांत हलके नाणे, हा योग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावा असा आहे.

नदीचे नाव दचकविणारे असले, तरी हिवाळ्यात ती अगदी गरीब दिसते. तिचे पाणी पुढे पैनगंगेस मिळते. महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा आखीत वाहणाऱ्या त्या मोठ्या नदीच्या पात्रात पाणी ओसरू लागले की वाळूची बेटे उघडी पडतात. अशा बेटांवर नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी उतरते. लडाख-तिबेटच्या सरोवरांकडून आलेली ही जोडी रात्री विरहाने व्याकूळ होते, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. दिवसा पाहणाऱ्याला ती बहुधा शेजारीशेजारी स्वस्थ बसलेलीच आढळते.

पांढरकवड्याला निसर्गाचा आर्थिक हिशेब ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये घोषित झालेले टिपेश्वर अभयारण्य जवळच आहे. तेथे वाघासाठी प्रवेशशुल्क घेतले जाते, वाहने भाड्याने मिळतात, वाटाड्यांना रोजगार लाभतो. नदीकाठी असले फाटक नाही. ज्या वस्तूला तिकीट नाही तिची किंमत शून्य धरण्याची खोड मात्र हिशेब ठेवणाऱ्यांना जडलेली असते. नदीच्या पात्रात ज्याला किंमत आहे असे एकच द्रव्य उरते, ते म्हणजे वाळू.

वाळूचे माप ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. २०२३ मध्ये राज्य शासनाने ब्रासला ६०० रुपये दराने वाळू पुरविण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाचा मार्ग धरला. घर बांधणाऱ्या गरिबाला वाळू परवडली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु दर ६०० असो वा ६०००, त्यात काठच्या विहिरींना पाणी पुरविणाऱ्या थराचा हिशेब नसतो आणि पक्ष्याचा तर नसतोच.

अडचण आहे ती दिनदर्शिकेची. पावसाळ्यात वाळू काढण्यास बंदी असते. म्हणजे उपशाचा हंगाम कोरड्या महिन्यांचा. नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा डौलदार पक्षी आपली अंडी घालतो तीही साधारण फेब्रुवारी ते मे या काळातच, आणि तीही उघड्या वाळूवर, नुसता खळगा करून. अंड्यांचा रंग वाळूसारखाच. ट्रॅक्टरच्या चाकाखाली ती आली तर चालविणाऱ्याला कळतही नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. या पक्ष्याची गणना आता जगभरच ‘असुरक्षित’ जातींत झाली आहे. वाळूउपसा हे त्याचे एकमेव कारण नव्हे; धरणांतून अवेळी सुटणारे पाणी, भटकी कुत्री आणि कावळे हीही कारणे आहेतच.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांच्या निमित्ताने राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने होतात, चित्रे लावली जातात. उपक्रम स्तुत्यच आहे. पण नोव्हेंबरात सुरयाचे घरटे नसते, आणि ते असते तेव्हा विद्यार्थी परीक्षेत गुंतलेले असतात.

वस्तुतः नागरिकांच्या हाती एक साधन आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार वाळूसाठी प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो, आणि त्याचा मसुदा एकवीस दिवस लोकांच्या हरकती व सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. कोणत्या पात्रातून किती वाळू काढता येईल, याचा आधार हाच अहवाल. त्यात एखाद्या बेटावर पक्ष्यांची वीण होते असे सप्रमाण कळविणे, ही कोणत्याही शिक्षकाला वा कारकुनाला जमण्यासारखी गोष्ट आहे. प्रमाण म्हणजे तरी काय? हिवाळ्यातल्या सकाळी काठाने चालत जाऊन कोणते बेट कोणत्या वळणावर, कोणत्या गावाच्या शिवारात आहे ते वहीत उतरवायचे. मार्चमध्ये पुन्हा जायचे, वाळूत न उतरता काठावरूनच पाहायचे. माणूस जवळ आला की सुरय ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागतो. तसे झाले की चार पावले मागे सरून तारीख लिहायची.