चढत्या-उतरत्या वेगाचा हिशेब

गतीचा अनुभव मनुष्यास जन्मापासून अखंड येत असतो, आणि बहुधा याच कारणामुळे तिच्याविषयीची त्याची मते इतकी पक्की झालेली असतात की, शाळेतील पाठ्यपुस्तकाने त्यांच्याविरुद्ध कितीही पुरावा दाखल केला तरी परीक्षा संपताच ती पूर्ववत बहाल होतात. वस्तूचे स्थान, त्या स्थानात होणाऱ्या बदलाचा दर म्हणजे वेग, आणि त्या वेगात होणाऱ्या बदलाचा दर म्हणजे त्वरण, अशा या तीन भिन्न राशी आहेत. कचेरीतील कारकुनाची पेढीवरील शिल्लक, त्याचा मासिक मुशाहिरा आणि त्यास दरसाल मिळणारी वेतनवाढ या तीन बाबी जितक्या भिन्न, तितक्याच भिन्न. भरघोस मुशाहिरा घेणाऱ्या वृद्ध शिरस्तेदाराची वेतनवाढ कधीच थांबलेली असू शकते, आणि कालच रुजू झालेल्या उमेदवाराच्या तुटपुंज्या पगारात दरसाल चांगली भर पडत असू शकते. दर सेकंदास वेगात ठराविक तेवढीच भर पडत गेली, अथवा तेवढीच घट होत गेली, म्हणजे त्या गतीस समान त्वरणाची गती म्हणतात. एका रकान्यातील रक्कम नकळत दुसऱ्या रकान्यात मांडली गेल्यामुळे या साध्या गतीविषयी जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांपैकी काहींचा येथे क्रमाने परामर्श घ्यावयाचा आहे.

गैरसमज पहिला : वेग जितका मोठा, तितके त्वरण मोठे.

वस्तुस्थिती : कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली एखादी जलद गाडी सपाटीवरील सरळ मार्गावर ताशी ९० किलोमीटरच्या एकाच वेगाने चालली असेल, तर तिचे त्वरण शून्य होय; प्रवाशाच्या हातातील चहा कपाच्या काठाकडे सरकत नाही, आणि खिडकी लावून घेतली तर गाडी चालू आहे हे चाकांच्या खडखडाटावरूनच काय ते समजते. याउलट दादर स्थानकातून नुकतीच हललेली लोकल पाहावी. तिच्या वेगात दर सेकंदास सेकंदी अर्ध्या मीटरची भर पडते असे धरले, तर पहिल्या सेकंदाच्या अखेरीस तो वेग ताशी दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही, आणि फलाटावरचा रमतगमत चालणारा मनुष्य तिला सहज मागे टाकू शकतो. परंतु डब्यात उभा असलेला उतारू डोक्यावरील कडी घट्ट धरतो तो नेमका याच क्षणी. वीस सेकंदांत ती गाडी १०० मीटर अंतर कापून ताशी ३६ किलोमीटरच्या वेगास पोहोचते. वेग वाढलेला असतो, त्वरण मात्र होते तेवढेच असते. वाहनात बसलेल्या शरीरास वेगाची जाणीव होत नाही, होते ती वेगातील बदलाची. आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आहे, आणि या प्रवासात अद्याप कोणास कडी धरावी लागलेली नाही.

गैरसमज दुसरा : समान त्वरण असले की वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढत जातो.

वस्तुस्थिती : या गैरसमजाकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणासही नाही, कारण खुद्द गॅलिलिओ त्यास बळी पडला होता. १६०४ साली पावलो सार्पी यास लिहिलेल्या पत्रात त्याने पतनाचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हा बिनचूक नियम नमूद केला, परंतु त्याचे मूळ म्हणून, पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो, हे चुकीचे तत्त्व गृहीत धरले. त्यातील अडचण थोड्या विचारांती ध्यानात येते : ज्या वस्तूने अद्याप अंतरच कापलेले नाही तिचा वेग या तत्त्वानुसार शून्य ठरतो, आणि वेग शून्य असल्याकारणाने ती अंतर कापू शकत नाही, सारांश, हातातून सोडलेला दगड हवेत जागच्या जागी राहावयास हवा. पुढे १६३८ साली, चर्चच्या आज्ञेने आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना, त्याचा जो अखेरचा मोठा ग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, त्यात समान त्वरणाची व्याख्या अंतरावर नव्हे तर काळावर बांधलेली आहे. पितळी गोळी, चर्मपत्राने गुळगुळीत केलेली लाकडी पन्हळ, आणि पात्रातून झिरपणाऱ्या पाण्याचे वजन करून वेळ मोजण्याची युक्ती, एवढ्या सामग्रीवर त्याने तो नियम पडताळला. पहिल्या कालखंडात जेवढे अंतर कापले जाते त्याच्या तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात, याप्रमाणे विषम संख्यांच्या क्रमाने अंतरे वाढत जातात.

हा क्रम किती भयंकर आहे हे प्रयोगशाळेतील पन्हळीपेक्षा बोरघाटात अधिक स्पष्ट दिसते. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या घाटातील लोहमार्गाची सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस एक फूट अशी आहे; पायी चालणाऱ्यास ती चढण म्हणून जाणवेल न जाणवेल इतपतच. परंतु या उतारावर एखादा डबा मोकळा सुटला, आणि घर्षण व हवेचा विरोध तूर्त हिशेबात घेतला नाही, तर त्याचे त्वरण गुरुत्वाच्या ३७ व्या हिश्शाएवढे, म्हणजे दर सेकंदास सेकंदी पाव मीटरहून किंचित अधिक भरते. लोकलने स्थानक सोडताना घेतलेल्या त्वरणाच्या जवळजवळ निम्मेच हे झाले. पहिल्या मिनिटात तो डबा सुमारे ४८० मीटर जाईल, दुसऱ्यात सुमारे १,४३० मीटर, आणि दोन मिनिटे पुरी होताच त्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर झालेला असेल. लोकल काही सेकंदांत त्वरण आवरते घेते. उतार मात्र संपेपर्यंत आपला वसूल थांबवीत नाही. याच भयास्तव घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गास फुटून डोंगरावर चढत जाणारे रूळ, ज्यांस रेल्वेचे लोक कॅच सायडिंग म्हणतात, ते घातलेले आहेत. उताराने दिलेला वेग चढानेच परत घ्यावा, ही त्यामागील योजना.

गैरसमज तिसरा : वर फेकलेली वस्तू सर्वोच्च बिंदूस पोहोचते तेव्हा तिचे त्वरण शून्य होते.

वस्तुस्थिती : शून्य होतो तो वेग, आणि तोही क्षणमात्र. क्रिकेटच्या मैदानावर कर्णधाराने नाणेफेकीसाठी उडविलेले नाणे सेकंदास ४.९ मीटर वेगाने हातातून सुटले असे समजू. अर्ध्या सेकंदात ते सुमारे सव्वा मीटर उंच जाईल. टोकास पोहोचण्यापूर्वी सेकंदाचा एक दशांश भाग उरला असताना त्याचा वेग सेकंदास ०.९८ मीटर, दिशा वर. टोक ओलांडून तितकाच काळ लोटल्यावर वेग पुन्हा ०.९८ मीटर, दिशा खाली. एक पंचमांश सेकंदात वेगात १.९६ मीटरचा पालट झाला, अर्थात त्वरण दर सेकंदास सेकंदी ९.८ मीटर, हातातून सुटतेवेळी होते तेच आणि झेलतेवेळी असेल तेच. टोकापाशी त्वरणाने खरोखरच रजा घेतली असती, तर नाणे एकदा थांबले ते थांबलेच, आणि नाणेफेकीचा निकाल कधीच लागला नसता.

मग नाणे वर क्षणभर रेंगाळल्यासारखे का भासते? टोकापाशी वेग अल्प असल्यामुळे थोडेसे अंतर कापण्यासही पुष्कळ वेळ लागतो. उंचीच्या वरच्या चतुर्थांशात नाण्याचा निम्मा प्रवासकाल खर्ची पडतो, आणि उरलेल्या तीन चतुर्थांशांसाठी निम्माच शिल्लक राहतो. जाळ्यापाशी उंच उडी घेणारा व्हॉलीबॉलपटू हवेत तरंगतो असे प्रेक्षकांस वाटते तेही यामुळेच. त्यास गुरुत्वाने कोणतीही सवलत दिलेली नसते.

गैरसमज चौथा : ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणे.

वस्तुस्थिती : ऋण आणि धन ही चिन्हे आपण दिशेस दिलेली आहेत, निसर्गाने नव्हेत. वरची दिशा धन मानली तर उपरोक्त नाण्याचे त्वरण आरंभापासून अखेरपर्यंत ऋणच आहे; चढताना त्याची गती मंदावते आणि उतरताना वाढते, पण चिन्ह बदलत नाही. वेग आणि त्वरण परस्परविरुद्ध दिशांस असतील तर गती मंदावते, एकाच दिशेस असतील तर वाढते, एवढाच निर्णय खरा.

गैरसमज पाचवा : जड वस्तू अधिक वेगाने पडते, अथवा, याच्या अगदी उलट, कोणतीही वस्तू समान त्वरणानेच पडते.

वस्तुस्थिती : यांपैकी पहिल्या समजुतीचे निवारण २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मधील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर जाहीरपणे केले, त्याने एका हातातील हातोडा आणि दुसऱ्या हातातील ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले, आणि निर्वात अवस्थेत दोन्ही वस्तू एकदमच जमिनीस टेकल्या. दुसरी समजूत मात्र शिकलेल्या माणसाची आहे, आणि म्हणून अधिक चिवट. दोन किलोमीटर उंचीवरील मेघातून निघालेला पावसाचा थेंब जर खरोखर समान त्वरणाने पडत राहिला असता, तर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने आपल्या मस्तकावर आदळला असता, आणि आषाढात घराबाहेर पडण्याची कोणाची छाती झाली नसती. वस्तुतः वेगाबरोबर हवेचा विरोध वाढत जातो, अखेर तो थेंबाच्या वजनाएवढा होतो, आणि तेथून पुढे थेंबाचे त्वरण संपुष्टात येऊन तो एकाच अंतिम वेगाने खाली येतो. पाच मिलिमीटर व्यासाच्या टपोऱ्या थेंबाचा हा वेग सेकंदास सुमारे नऊ मीटर असतो. फांदीवरून गळणारा आंबा समान त्वरणाचा नियम जवळजवळ तंतोतंत पाळतो. पाऊस तो पाळत नाही.

गैरसमज सहावा : आरंभीच्या आणि अखेरच्या वेगांची बेरीज करून निम्मे केले की सरासरी वेग मिळतो.

वस्तुस्थिती : ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील पंडितांनी चौदाव्या शतकात मांडलेला हा सिद्धांत निर्विवाद खरा आहे, पण केवळ समान त्वरणाच्या हद्दीत. १२० किलोमीटरचे अंतर जाताना ताशी ४० ने आणि येताना ताशी ६० ने कापले, तर सरासरी वेग ताशी ५० भरत नाही. जाण्यास तीन तास आणि येण्यास दोन, म्हणजे पाच तासांत २४०, अर्थात ताशी ४८. गतीची तीन प्रसिद्ध समीकरणेही याच हद्दीत अमलात येतात, आणि विद्यार्थी ती हद्दीबाहेर नेतो तेव्हा दोष समीकरणांचा नसतो.

गैरसमज सातवा : वेग दुप्पट झाला तर गाडी थांबण्यास लागणारे अंतरही दुप्पट होते.

वस्तुस्थिती : या लेखातील इतर चुकांचे प्रायश्चित्त परीक्षेच्या गुणांत भोगावे लागते, ही चूक रस्त्यावर होते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गाडीचे मंदन स्थूलमानाने समान असते, आणि समान मंदनात थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर दर सेकंदास सेकंदी सहा मीटर मंदन धरले, तर ताशी ४० वेगाची गाडी सुमारे १० मीटरांत थांबते आणि ताशी ८० ची सुमारे ४१ मीटरांत. पावसाने रस्ता निसरडा होऊन मंदन निम्म्यावर आले, तर ही दोन्ही अंतरे दुप्पट होतात.

दुप्पट वेगाचे हे उदाहरण ढोबळ वाटत असेल, तर किरकोळ फरकाचे पाहावे. ताशी ४० आणि ताशी ५० वेगाने शेजारी शेजारी चाललेल्या दोन गाड्यांच्या चालकांनी रस्त्यात आलेले मूल पाहून एकाच क्षणी ब्रेक लावला. पहिली गाडी मुलापासून वीतभर अंतरावर थांबली. त्याच ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? सामान्य बुद्धी सांगते, ताशी दहा. समीकरण सांगते, पन्नासाच्या वर्गातून चाळिसाचा वर्ग वजा करावा, बाकी ९००, त्याचे वर्गमूळ ३०. त्या मुलास ताशी ३० किलोमीटर वेगाने धडक बसेल. हा हिशेबही चालकांवर मेहेरनजर ठेवून केलेला आहे. मूल दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत उभयतांचा एक एक सेकंद गेला असे धरल्यास, तेवढ्या अवधीत दुसरी गाडी पहिलीहून जवळजवळ तीन मीटर पुढे सरकलेली असते, आणि धडकेचा वेग ताशी छत्तीस-सदतीसवर जातो.

दहा किलोमीटरच्या वाटेवर ताशी ४० ऐवजी ५० ने गेल्यास तीन मिनिटे वाचतात. त्या तीन मिनिटांची किंमत काय आणि ती कोणाच्या नावे खर्च पडणार, याचा निवाडा वाहन चालविणाऱ्याने घराबाहेर पडण्यापूर्वीच करून ठेवावा, कारण ब्रेकवर पाय पडल्यानंतर त्यात फेरफार करण्याचा अखत्यार त्याच्याकडे उरत नाही.