वाफेची खाचरं

दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो छापून येऊ लागले की गळीत हंगाम दाराशी आला, हे ऊसपट्ट्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. असाच एक फोटो पाहून कोल्हापूरकडच्या एका वाचकांनी पत्र लिहिलं आहे. त्यांच्या घरचं गुऱ्हाळ होतं. ते विचारतात, ‘आमच्या चुलाणात उसाचं सगळं चिपाड जळून जायचं, कधी वरून पाचटही घालावं लागायचं. कारखानाही तेच चिपाड जाळतो. मग त्याचं सगळं भागून वर वीज विकायला उरतं कसं?’

या प्रश्नाने मला फार आनंद झाला. सहवीजनिर्मितीवर मी पुष्कळ लेख वाचले आहेत, पण इतक्या नेमक्या जागी कुणी बोट ठेवलेलं पाहिलं नव्हतं. उत्तराचा एक भाग हल्लीचा आहे. जास्त दाबाची वाफ करणारे बॉयलर आले, टर्बाइन सुधारली. दुसरा भाग मात्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे आणि माझ्या मते तोच मोठा आहे. तो अमेरिकेच्या दोन पेटंटांमध्ये आहे, एक १८४३ चं आणि दुसरं १८४६ चं. ती ज्याच्या नावावर आहेत, त्याचं नाव आपल्याकडच्या उसाच्या एकाही गावात कुणी घेत नाही.

आधी हिशेब मांडू. १०० किलो रसात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ धरून १५ किलो ऐवज असतो असं समजा. बाकी ८५ किलो पाणी. या रसाचा ६० टक्के दाट पाक करायचा, तर शेवटी २५ किलो पाक उरायला हवा, म्हणजे ७५ किलो पाणी उडवायला हवं. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० लागतात. तापवणं स्वस्त, उडवणं महाग. शिवाय या ५४० किलोकॅलरी थर्मामीटरवर कुठेच दिसत नाहीत. उकळत्या पाण्याचा पारा १०० वरच बसून राहतो आणि जाळ खाली गिळला जातो. १७६० च्या सुमारास ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने ही लपलेली उष्णता ओळखली. शाळेत तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

गुऱ्हाळात ही सगळी उष्णता काहिलीवरच्या ढगात जाते. लहानपणी गुऱ्हाळावर काकवीसाठी ताटकळत उभं राहिलेल्या कुणालाही तो ढग आठवेल. भेंडीचा चीक टाकलेला, मळी काढून निवळलेला रस रटरटत असतो, गुळव्या नजर न हलवता बुडबुडे बघत असतो आणि छपराखालून पांढरी वाफ बाहेर पडत असते. रसापर्यंत पोचलेली बहुतेक उष्णता तिच्यातून आभाळात जात असते. वाचकांचं चिपाड गेलं ते तिकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुइझियानात साखर अशीच होत असे. मोठीकडून लहानीकडे अशा उघड्या काहिलींची रांग, खाली लाकडाचा जाळ आणि दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे डाव घेतलेली माणसं. उकळता रस एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ओतणं हे त्यांचं काम. ही माणसं गुलाम होती. हंगामात रात्रपाळ्या चालायच्या, भाजणं नेहमीचं होतं आणि जाळाजवळ शेवटच्या काहिलीत रस करपून साखर काळी व्हायची.

करपण्यावरचा इलाज इंग्लंडमध्ये निघाला होता. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या रसायनज्ञाने १८१३ मध्ये बंद भांड्यातून हवा खेचून साखर उकळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, आणि भांड्यातला दाब वातावरणाच्या पाचव्या हिश्श्यावर आणला तर ते ६० अंशांनाच उकळू लागतं. प्रेशर कुकरच्या नेमकं उलटं. (या हॉवर्डबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १७९८ मध्ये बनारसजवळ आकाशातून पडलेल्या दगडांचं त्याने पृथक्करण केलं आणि १८०२ मध्ये दाखवून दिलं की दूरदूरच्या देशांत पडलेले असे दगड एकमेकांसारखे आहेत आणि त्यांच्यातल्या लोखंडात निकेल आहे. उल्का खरोखर आकाशातून येतात हे युरोपला पटण्यात बनारसच्या दगडाचा वाटा आहे.) हॉवर्डच्या भांड्यात साखर पांढरी होऊ लागली, पण वाफ थंड पाण्यात विझवून सोडून दिली जात होती. इंधनाची उधळपट्टी तशीच राहिली.

इथे नॉर्बेर रिल्यू आला. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील व्हिन्सेंट रिल्यू गोरे आणि सधन, आई कॉन्स्टन्स व्हिव्हां ही मुक्त कृष्णवर्णीय स्त्री. काही ठिकाणी त्याला ‘गुलाम शास्त्रज्ञ’ म्हटलेलं आढळतं, ते चूक आहे. तो जन्मापासून मुक्त होता. पण मुक्त असूनही समान नव्हता, आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य या फरकातच गेलं. वडिलांनी त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं. १८३० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो तिथल्या एकोल सांत्रालमध्ये उपयोजित यंत्रशास्त्र शिकवत होता आणि वाफेच्या काटकसरीवर निबंध लिहीत होता. (पुढे प्रसिद्ध झालेला चित्रकार एदगार दगा याच्या आईचा हा मामेभाऊ. एका घरात रंगांची नजर आली, दुसऱ्या घरात उष्णतेची.)

वाफेतली उष्णता परत वापरावी, हा विचार इतरांनाही सुचला होता. अडचण अशी की काहिलीवरची १०० अंशांची वाफ दुसऱ्या काहिलीखाली नेली, तर त्या काहिलीतला रसही १०० अंशांनाच उकळणारा. दोन्ही बाजूंना तापमान सारखं असेल तर उष्णता जागची हलत नाही.

हे समजायला मावळात किंवा कोकणात जावं. तिथे डोंगरउतारावर भाताची खाचरं पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जातात. वरचं खाचर भरलं की पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात. पाणी एकच, भिजतात चार-पाच खाचरं. पण हे जमतं ते प्रत्येक खाचर वरच्यापेक्षा हातभर खाली असतं म्हणून. सगळी एका पातळीवर असती, तर पहिलं भरून पाणी तिथेच थांबलं असतं. उष्णता या बाबतीत अगदी पाण्यासारखी आहे. तिला उतार लागतो, आणि तिचा उतार म्हणजे तापमान.

रिल्यूने हा उतार कोरून काढला, आणि त्याची कुदळ होती हॉवर्डचा निर्वात. बंद भांडी एकापुढे एक मांडायची. पहिल्यात इंजिनातून काम करून बाहेर पडलेली वाफ नळ्यांतून खेळवायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होईल ती दुसऱ्याच्या नळ्यांत सोडायची. दुसऱ्यातला दाब कमी ठेवलेला, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळतो आणि ही वाफ त्याला पुरते. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिथे दाब आणखी कमी. शेवटच्या भांड्याची वाफ तेवढी कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने विझवायची. ती विझताना आकसते, आणि त्या आकसण्यातून पंपाच्या मदतीने सगळ्या रांगेचा निर्वात टिकतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की दाट होत जाणारा, करपण्याचा धोका असलेला रस आपोआप सर्वांत थंड भांड्यात पोचतो. काटकसर आणि शुद्धता या दोन गोष्टींत एरवी निवड करावी लागते. इथे एकाच मांडणीने दोन्ही साधल्या.

पहिलं पेटंट मिळालं २६ ऑगस्ट १८४३ ला, दुसरं १० डिसेंबर १८४६ ला. थिओडोर पॅकवूड या मळेवाल्याच्या मिर्टल ग्रोव्ह मळ्यावर हे यंत्र यशस्वी झालं आणि त्याच दशकात लुइझियानात पसरत गेलं. मळेवाले रिल्यूला सन्मानाने बोलावत. पण यंत्र बसवायला आलेल्या या अभियंत्याला गोऱ्या मालकाच्या पंक्तीला बसता येत नसे, त्याच्या मुक्कामाची सोय वेगळ्या घरात होई. न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराने ग्रासलं असताना त्याने शहराच्या सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना दिली, ती नाकारली गेली. मुक्त कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध १८५० च्या दशकात आवळत गेले आणि तो पॅरिसला परतला. तिथे त्याचं मन काही वर्षं इजिप्तच्या चित्रलिपीत रमलं. १८८१ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, बीटसाखरेसाठी उष्णता वाचवण्याचं आणखी एक पेटंट त्याने घेतलं. १८९४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.

या यंत्राने गुलामांची उकळत्या काहिलींपासून सुटका केली, असं हल्ली कौतुकाने लिहिलं जातं. डाव हातातून गेले, ते काम खरोखर सुटलं, हे खरं. पण साखर स्वस्तात आणि पांढरी होऊ लागल्याने मळ्यांचा नफा वाढला, आणि त्या नफ्याचा ऊस तोडणारे हात गुलामांचेच होते. यंत्राची जाहीर तारीफ करणारा मळेवाला जुडा बेंजामिन पुढे गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारात मंत्री झाला. गुलामगिरी मोडली ती युद्धाने, चळवळींनी, आणि स्वतः गुलामांच्या झगड्याने. ते श्रेय यंत्राला देणं त्या माणसांवर अन्याय आहे. रिल्यूचा मोठेपणा सांगायला अशा टेकूची गरजही नाही. ज्या समाजाने त्याला पंक्तीबाहेर ठेवलं, त्याच समाजाचा एक मोठा उद्योग त्याच्या गणितावर चालला, हे सत्य तसंच सांगायला हवं.

आता आपल्या कारखान्यात येऊ. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा नकाशा बदलला. तेव्हापासून किती कारखाने झाले, किती अध्यक्ष झाले, त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यातल्या बहुतेक कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसमध्ये अशाच चार उंच भांड्यांची, म्हणजे ‘बॉडीं’ची, एक रांग असते. कामगार तिला ‘क्वाड’ म्हणतात. पाच बॉडी असतील तर ‘क्विंट’. बॉडींची घडण बहुतेक ठिकाणी ‘रॉबर्ट टाइप’ म्हणून ओळखली जाते, कारण उभ्या नळ्यांची ही रचना मोराव्हियातल्या रॉबर्ट यांच्या कारखान्यातून आली. भांड्याच्या आकाराला रॉबर्ट यांचं नाव मिळालं. भांड्यांच्या रांगेमागची कल्पना ज्याची, त्याचं नाव साखर तंत्रज्ञान शिकणाऱ्यांच्या पुस्तकांतच राहिलं.

पुस्तकांत मात्र ते ठसठशीत आहे. ‘रिल्यूचे तीन नियम’ तिथे शिकवतात. पहिला नियम: जितकी भांडी, तितक्या किलो पाण्याला एक किलो वाफ पुरते. दुसरा नियम असा की मधल्या एखाद्या भांड्याची वाफ काढून ती दुसरीकडे ताज्या वाफेच्या जागी वापरली, तर आणखी बचत होते. पहिल्या खाचराच्या बांधाला चर खणून शेजारच्या परसाला पाणी द्यावं, तसं हे. तिसरा नियम सांगतो की नळ्यांत न विझणारी हवा आणि वायू साचू देऊ नका, सतत बाहेर काढा. हा तिसरा नियम वाचताना मला नेहमी वाटतं की हा केवळ कागदावर विचार करणाऱ्याचा नियम नव्हे. उकळणं मंदावलेल्या भांड्यासमोर उभं राहून, नळ्यांत हवा कोंडली आहे हे ज्याने शोधून काढलं, त्याचा आहे.

पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर आता आकड्यांत देता येईल. आपल्या १०० किलो रसातलं ७५ किलो पाणी उघड्या काहिलीत उडवायला जवळजवळ ७५ किलो वाफेइतकी उष्णता लागते, आणि चुलाणाच्या धुराड्यातून जाते ती वेगळीच. क्वाडमध्ये १९-२० किलो वाफेत काम होतं. वर दुसऱ्या नियमाने मधल्या बॉडींची वाफ काढून रस तापवायला आणि पाकातून साखरेचे दाणे पाडणारी पॅन उकळायला देतात, म्हणजे तिथली ताजी वाफही वाचते. शिवाय क्वाडला मिळते ती टर्बाइन फिरवून आलेली वाफ. आधी तिने वीज केली, मग ती उकळायला आली. उसाच्या वजनात साधारण २८ ते ३० टक्के चिपाड निघतं, त्यातलं निम्मं ओलं पाणीच. तरीही कारखान्याला पुरून उरतं, ते या उतरंडीमुळे.

मग आणखी भांडी का लावत नाहीत? दहा लावली तर दहापट नाही का? खाचरांकडे पाहा. उतार तेवढाच असेल आणि खाचरं दहा केली, तर प्रत्येकाची पायरी बोटभर राहील आणि पाणी रेंगाळेल. तापमानाची पायरी लहान झाली की तेवढीच उष्णता पोचवायला नळ्यांचं क्षेत्रफळ वाढवत न्यावं लागतं. म्हणून आपल्याकडे चार किंवा पाच. रस आटवण्यापलीकडे ही युक्ती फार दूर गेली आहे. कागद कारखान्यातला काळा द्राव आणि टोमॅटोची पेस्ट अशा भांड्यांच्या रांगेत घट्ट होतात, आणि वाळवंटी देश समुद्राचं पाणीही गोड करतात.

अमेरिकेने २००४ मध्ये रिल्यूचं नाव संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानयादीत घेतलं, त्याच्या मृत्यूनंतर ११० वर्षांनी. आपल्यालाही काही करता येईल, आणि त्याला खर्च डबाभर रंगाचा. अग्निप्रदीपनाआधी कारखान्याची रंगरंगोटी होतेच. तेव्हा क्वाडच्या पहिल्या बॉडीवर मराठीत लिहावं: नॉर्बेर रिल्यू, १८४३. कारखाना पाहायला आलेलं एखादं पोर विचारेल, हा कोण? मग त्याला बॉयलिंग हाऊसच्या मागे न्यावं. तिथे कंडेन्सरचं कोमट पाणी स्प्रे पॉन्डच्या कारंज्यांतून उडत असतं आणि थंडीच्या पहाटे त्यावर धुकं धरतं. त्या पाण्यात हात घालायला सांगावा. चिपाडाने दिलेली उष्णता टर्बाइन फिरवून, चार वेळा रस उकळून, तळाच्या खाचरात येते तेव्हा ती इतकीच ऊन उरते.