लिंबावरील फुलपांखरांतील नर-मादी

ज्यांच्या दारीं लिंबाचें झाड अथवा कढीलिंब आहे, त्यांनीं पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पाहिल्या असतीलच. त्यांपैकीं कांहीं ‘कॉमन मॉर्मन’ नांवाच्या काळ्या फुलपांखराच्या असतात. रोपवाटिकेंत त्या कोंवळीं पानें फस्त करितात. म्हणून अंडीं घालणारी मादी कोणती, हें बागाइतदारास ओळखतां आलें पाहिजे.

जाळीच्या पेटींत ताज्या डहाळीवर अळी वाढवावी. कोश झाला म्हणजे तो भिंगाखालीं पाहावा. पोटाच्या बाजूस आठव्या वळ्यावर बारीक चीर असल्यास मादी. खूण नवव्या वळ्यावर असल्यास नर. फुलपांखरूं बाहेर पडल्यावर नराच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ दिसते. मादीची गोष्ट निराळी! कांहीं माद्या बहुतेक नरासारख्याच. तेथें पोटाचें टोंक पाहावें, नरास तेथें चिमट्यासारख्या दोन झडपा असतात. इतर माद्या ‘रोझ’ नांवाच्या विषारी फुलपांखरांचें सोंग घेतात, त्यामुळें पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहींत. हें सोंग ‘डबलसेक्स’ नामक एकाच जनुकावर अवलंबून आहे, असें कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं दाखविलें. कीटकांत नर-मादीचा भेद घडविणारें जनुकही हेंच, हें मोठें कौतुकाचें.

खऱ्या रोझच्या अंगावर तांबडा रंग असतो. सोंग घेतलेल्या मादीचें अंग काळें. खरी रोझ ईश्वरीच्या वेलीवर वाढते, लिंबास तिचा मुळींच उपद्रव नाहीं. तिला मारूं नये. मॉर्मनच्या अळ्या मात्र रोपांवरून हातानें वेंचून काढाव्या.