गावची टेकडी : बिनखर्चाचे औषध

रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून दिल्या, की मी रुग्णाला शेवटी एक गोष्ट सांगतो, "रोज अर्धा तास चाला." अलीकडे त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "चालू कुठे, डॉक्टर?" प्रश्न रास्त आहे. हमरस्त्यावर ट्रक आणि धूळ, गल्लीत मोटारसायकली आणि मोकाट कुत्री. म्हणून आज औषधाविषयी न लिहिता, हे औषध जिथे मिळते त्या जागेविषयी लिहितो. ती जागा म्हणजे गावचे मैदान आणि गावाबाहेरची टेकडी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज साठ मिनिटे अंगमेहनतीचे खेळ खेळावेत. आता मैदानच नसेल तर मुलांनी हे साठ मिनिटांचे खेळ कुठे खेळावेत?

मैदानाचा संबंध मुलांच्या डोळ्यांशीही आहे. चीनमधील ग्वांगझाऊ शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या उजेडात ठेवले. तीन वर्षांनी पाहिले तर त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचे दिसेनासे होण्याचा दोष जडला होता. नेहमीप्रमाणे वर्गात बसलेल्या मुलांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चष्म्याचा नंबर टाळण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

नुसती झाडे दिसण्यानेही फरक पडतो. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून एक निबंध लिहिला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनेची तीव्र औषधेही त्यांना कमी लागली.

टेकडीचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. गवत आणि झाडे असलेल्या उतारावर पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. उतार उघडाबोडका केला, की तेच पाणी माती घेऊन गटारात आणि वस्तीत शिरते. मग डबकी, डास आणि दूषित पाणी हे ओघाने आलेच. टेकडी खणली, की त्याचा हिशोब पुढे दवाखान्यात चुकवावा लागतो.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे जवळचे उदाहरण पुण्याचे. १९९७ साली आसपासची गावे महापालिकेत आली. त्यांपैकी २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या व उतार जैवविविधता उद्यानासाठी राखावेत, असा प्रस्ताव विकास आराखड्यात होता. बांधकामाला परवानगी मिळावी म्हणून दबाव होता. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, हरकती नोंदवल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१५ साली राज्य सरकारने हे आरक्षण कायम केले. जमीनमालकांच्या मोबदल्याचा वाद मात्र त्यानंतरही राहिला, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. टेकडी सगळ्यांसाठी राखायची तर तिची किंमत एकट्या शेतकऱ्याने का सोसावी? पुढे २०२३ साली वेताळ टेकडीवरून नियोजित रस्त्याचा प्रश्न आला, तेव्हाही लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. रोज चालायला जाणारी माणसेच त्यात पुढे होती. ज्याचे पाय टेकडीला लागतात, तोच तिच्यासाठी उभा राहतो.

आमच्या व्यवसायाच्या लोकांनी लक्षात ठेवावा असा एक निकाल बंगलोरचा आहे. तिथे एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय हवेच, पण बागेच्या जागेवर नको, हे एक डॉक्टर म्हणून मलाही पटते.

आता आपल्याकडे पाहू. टेकडीच्या मागच्या अंगाने मुरूम नेला जातो. कोण नेतो हे सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कोणी नाही. मैदानाच्या कडेला गाळे काढावेत अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. एकदा उभे राहिलेले गाळे पाडून पुन्हा मैदान झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. तेव्हा पुढील गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत.

१. नगरपरिषदेत जाऊन शहराचा विकास आराखडा पाहा. मैदान व बाग म्हणून कोणत्या जागा राखलेल्या आहेत, ते लिहून घ्या. नवा प्रारूप आराखडा जाहीर झाला, की हरकतीसाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

२. खेडेगावात गायरानाची नोंद तलाठ्याकडे पाहा. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना दिला आहे.

३. टेकडी वनखात्याची असेल तर परवानगी घेऊनच काम करा. पावसाळ्यापूर्वी समतल चर, पावसाळ्यात रोपे आणि उन्हाळ्यात पाणी, असा क्रम ठेवा. वर जाताना प्रत्येकाने एक बाटली पाणी नेले तरी पुष्कळ रोपे जगतात.

४. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांचा हट्ट नको. कडुनिंब, पळस, बहावा, बेल, उंबर ही आपली झाडे लावा. माळावरचे गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे. ते राहू द्या, मात्र वणव्यापासून जपा. पेटती विडी टाकणाऱ्याला तिथल्या तिथे हटका.

चालणाऱ्यांसाठी दोन शब्द. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असेल तर तपासणी केल्याशिवाय चढ चढू नये. गुडघे दुखत असतील त्यांनी मैदानाच्या सपाटीवरच चालावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. पावसाळ्यात पायात बूट आणि हातात काठी असावी.

एखाद्या रविवारी शेजारच्या दोन घरांना बरोबर घेऊन टेकडीवर जा आणि मुरूम कुठवर खणला आहे ते डोळ्यांनी पाहून या. सोमवारी अर्ज लिहा. त्यावर पहिली सही ज्येष्ठ नागरिकांची आणि दुसरी शाळेतल्या मुलांच्या पालकांची असावी, कारण मोकळ्या जागेची गरज सर्वांत जास्त याच दोघांना आहे.