भय, कोडे आणि भाषा : व्हिडिओ गेमच्या एका प्रकाराविषयी

कोडे सोडविण्यास स्वस्थता लागते आणि भय ती स्वस्थता हिरावून घेते. या दोहोंना एकत्र बांधण्याची कल्पना आज व्हिडिओ गेममध्ये सर्रास आढळत असली, तरी मराठी वाचकास ती अपरिचित नाही. वेताळपंचविशीत स्मशान आहे, राजाच्या खांद्यावर प्रेत आहे आणि त्या प्रेताच्या मुखी कोडे आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटावयाचे. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकावयाचा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (११वे शतक) शेवटचे कोडे तर नातेवाचक शब्दांचेच आहे. एका बापलेकांपैकी बापाने एका मुलीशी आणि लेकाने त्याच मुलीच्या आईशी विवाह केला. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय? येथे राजा निरुत्तर होतो, आणि निरुत्तर झाल्यामुळेच वेताळ प्रसन्न होतो. या कथेत भय बोलण्यावरच बसविलेले आहे. भाषा काढून घेतली तर कथाच उरत नाही.

व्हिडिओ गेमचे तसे नाही. २०१७ मध्ये आलेला ‘ग्रॅनी’ हा मोबाइलवरील खेळ पाहावा. खेळणारा एका घरात कोंडलेला असतो. पाच दिवसांत किल्ल्या, हातोडी आदी वस्तू हुडकून त्याने बाहेर पडावयाचे असते. काही पडून आवाज झाला की त्या रोखाने म्हातारी येते. आवाज करू नये हा नियम पहिल्याच फेरीत, कोणी न सांगता, कळतो. माजरी हे वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील एखाद्या मुलाच्या घरी मराठी असो, हिंदी असो वा तेलुगू, या खेळासाठी त्याला यांपैकी एकीचीही, किंबहुना इंग्रजीचीही, फारशी गरज पडत नाही.

याच्या दुसऱ्या टोकास १९९३ चा ‘द सेव्हन्थ गेस्ट’ हा खेळ आहे. स्टाउफ नावाच्या खेळणी करणाऱ्याचा झपाटलेला वाडा आणि खोलीखोलीतून कोडी, असे त्याचे स्वरूप. ‘स्टाउफ’ हे नावच सैतानाशी करार करणाऱ्या ‘फाउस्ट’च्या अक्षरांची उलटापालट होय. रोमन लिपीत पाच अक्षरे जागा बदलतात व काम होते. देवनागरीत मात्र ‘टा’चा काना ‘फ’ला द्यावा लागतो. त्याहून बोलके कोडे फळीवरील डब्यांचे आहे. प्रत्येक डब्यावर एक अक्षर असून डबे लावून वाक्य करावयाचे. परंतु इंग्रजीची नेहमीची पाच स्वराक्षरे त्यांत नाहीत, स्वराचे सारे काम एकटे ‘वाय’ करते. इंग्रजी वाचणारा येथे अडतो. देवनागरीत अकार व्यंजनातच वसत असल्यामुळे काना, मात्रा, वेलांटी नसलेले वाक्य (‘बबन, घर बघ’) हा अंकलिपीतला पहिला धडा असतो! दाराची करकर कोणत्याही भाषिकास सारखीच ऐकू येते. कोडे मात्र ज्या लिपीत जन्मले तेथेच राहते.

म्हणून अशा खेळातील सूचना व संवाद मराठीत आणल्याने तो खेळ मराठी झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यासाठी कोडेच नव्याने घडवावे लागेल, आणि त्याची सामग्री आपल्याकडे विपुल आहे. मोडी लेखनात शब्द तोडून लिहीत नसत व ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळीत नसत. ओसाड वाड्यात सापडलेल्या मोडी चिठीत ‘वरजाऊनये’ एवढीच अक्षरे असावीत. ‘वर जाऊ नये’ हा निषेध, ‘वर जाऊन ये’ ही आज्ञा. बोलताना विराम अर्थ सांगतो. चिठीत विराम नाही, आणि जिन्याखाली पावले वाजू लागली असता खेळणाऱ्याने दोहोंपैकी एक पदच्छेद पत्करावयाचा आहे.