बाळंतिणीचा ताप : शरीराची डागडुजी कीं रोगाचा इशारा?

घरांत मूल जन्माला आलें कीं साऱ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळाला शिंक आली तरी चार माणसें धांवतात. पण बाळंतिणीचें अंग तापलें, तर ‘दूध उतरत असेल, होईल कमी’ असें म्हणून तिच्यावर आणखी एक पांघरूण घातलें जातें. कित्येकदां हें म्हणणें खरेंहि ठरतें. परंतु जेव्हां तें खरें ठरत नाहीं, तेव्हां एका दिवसाचा उशीरहि तिच्या जिवावर बेतूं शकतो. म्हणून प्रसूतीनंतर शरीरांत उठणारा दाह म्हणजे काय, हें प्रत्येक घरानें समजून घेणें अगत्याचें आहे.

दाह हा मुळांत रोग नव्हे. बोटांत कांटा मोडला कीं तेवढा भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि ठणकतो. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी त्या जागीं जमतात, मृत पेशींचा निचरा करतात व जंतूंशीं झुंजतात. ही शरीराची रक्षणाची आणि डागडुजीची योजना होय.

प्रसूति ही कांट्याहून कितीतरी मोठी घटना. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आंतल्या बाजूस मोठी उघडी जखम राहते. त्या वेळीं सुमारें १००० ग्रॅम वजनाचें गर्भाशय आकसत आकसत सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्याहि खालीं येतें. एवढें काम दाहावांचून होत नाहीं. एरवीं एका घन मिलिमीटर रक्तांत ४ ते ११ हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रसूतीच्या सुमारास २५ हजारांपर्यंतहि चढूं शकतात. पहिल्या चोवीस तासांत किंचित् ताप येणें हेंहि याच धामधुमीचें लक्षण असूं शकतें. त्यामुळें केवळ रक्ताच्या एका तपासणीवरून भिऊन जाण्याचें कारण नसतें.

मात्र याच जखमेवाटे जंतू आंत शिरले, तर चित्र पालटतें. दाह एका जागीं न राहतां सर्वांगांत पसरतो. रक्तदाब उतरतो, नाडी धांवूं लागते आणि मूत्रपिंडें, फुप्फुसें थकूं लागतात. रक्षण करणारी योजनाच देहावर उलटते. हाच जुना सूतिकाज्वर.

व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत १८४६ सालीं, जेथें वैद्यकाचे विद्यार्थी बाळंतपणें करीत त्या विभागांत, शंभरांत अकरांहून अधिक स्त्रिया दगावल्या. सुइणींच्या विभागांत हें प्रमाण तीनांच्याहि खालीं होतें. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहांत येतात, हें डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनीं हेरलें. १८४७ च्या मे महिन्यापासून त्यांनीं क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली आणि १८४८ सालीं त्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शंभरांत दीडाच्याहि खालीं आलें. जंतूंची पुरती ओळख पटण्यापूर्वींच स्वच्छ हातांनीं आपलें सामर्थ्य दाखविलें होतें.

आज प्रभावी औषधें आहेत. पण तीं वेळेवर मिळालीं तरच उपयोगीं पडतात. म्हणून खूण ओळखणें हें घरच्यांचें काम. पहिला दिवस उलटल्यावर ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी आली, ओटीपोट दुखूं लागलें, टांके लाल होऊन पू दिसला, किंवा स्तनाचा एखादा भाग लाल, कठीण व दुखरा होऊन थंडी वाजली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. श्वास जलद होणें, छाती धडधडणें, लघवी कमी होणें, बोलण्यांत भ्रम होणें, हीं लक्षणें दिसल्यास तासभरहि थांबूं नये. कधीं कधीं तापाऐवजीं अंग गार पडतें, हेंहि विसरूं नये.

शेगडीनें तापलेल्या खोलींत कपाळाला हात लावून केलेला अंदाज फसवा असतो. बाळंतिणीच्या उशाशीं एक तापमापक ठेवावा, तिला शिवण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे, आणि ‘मला बरें वाटत नाहीं’ असें ती म्हणाली तर तें ऐकून घ्यावें. पाळण्यांतल्या जिवाची काळजी घेणाऱ्या घरानें त्याच्या आईचीहि एवढी विचारपूस अवश्य करावी.